तबकडीतली बाई

गाण्याच्या दोन ओळींच्या मध्ये एस्तरच्या गळ्याखालचा खळगा आत ओढला जायचा. दोन हाडांच्या मधली ती जागा, बायकांच्या गळ्यातला ताईत जिथे टेकतो ती. निरोगी माणसाने श्वास घेतला तर तिथे फारसं काही हलताना दिसत नाही. एस्तरच्या गळ्याशी मात्र हरभऱ्याचा दाणा मावेल एवढा खड्डा पडायचा आणि लगेच भरून यायचा. पहिल्या कडव्यात क्वचित दिसायचा, तिसऱ्या कडव्यात प्रत्येक ओळीला. मी पुढच्या खुर्चीत बसून त्याच्याकडेच बघत होते, त्यामुळे गाणं संपलेलं मला कळलंच नाही.

"काय गं कमळे, टाळ्या कुठायत?" एस्तर मायक्रोफोनमागून ओरडली. "का तुझ्या शाळेतल्या पोरींसारखे मलाही मार्क देतेयस?"

"देतेय. शंभरातले चाळीस."

"नापास केलं नाहीस, उपकार झाले!"

"पुन्हा एकदा घेऊ," फेलिक्स अंकल ट्रम्पेटमधली थुंकी झटकत म्हणाले. "आणि बाय, तो श्वास. तो जरा माइकजवळ आण. मुंबईवाले त्याच्यावरच फिदा झालेत."

"मी आणत नाही अंकल, तो आपोआप येतो."

"म्हणून तर म्हणतो!"

ही सत्तावन्न सालच्या एप्रिलमधली गोष्ट. भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे रेल्वेवाल्यांच्या क्लबात, तेव्हा शनिवारी नाच व्हायचे. गोरे अधिकारी गेले होते, पण अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांची घरं होती, गोव्याची माणसं होती, आणि फेलिक्स कार्व्हालोचा बँड होता. फेलिक्स अंकल दिवसभर पार्सल ऑफिसात कारकुनी करायचे. त्यांचा भाऊ बोटीवर होता. अमेरिकेतल्या बंदरांतून तो नव्या तऱ्हेच्या गाण्यांच्या तबकड्या आणायचा, तिथल्या काळ्या लोकांच्या. ढोलाचा ठेका अंगात शिरेल असा, आणि वर एखादी बाई देवाला जाब विचारावा तशी गाणारी. त्यांतल्या एका तबकडीवरचं नाव प्रवासात खरवडून गेलं होतं. आम्ही तिला 'ती बाई' म्हणायचो. एस्तर तिचंच गाणं गायची.

एस्तर उबाळे माझी शाळासोबतीण. मॅट्रिकनंतर मी पुण्याला फिजिक्स शिकायला गेले आणि परत येऊन मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवू लागले. ती रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. गायला ती शिकली मराठी चर्चमध्ये, पेटीवर. इंग्रजी तिला जेमतेम यायचं. पण कानावर पडलेला आवाज ती जसाच्या तसा काढायची. डिव्हिजनच्या साहेबाच्या आवाजात त्याच्याच हेडक्लार्कला एकदा तिने फोनवर उभं राहायला लावलं होतं. पुढे तिच्या गाण्याच्या तीन तबकड्या निघाल्या. चौथी व्हायच्या आत ती गेली. तेव्हा तिला सत्ताविसावंही पुरं झालं नव्हतं.

त्या एप्रिलात ती बावीस वर्षांची होती आणि एका प्रश्नाचं उत्तर देत नव्हती.

लहानपणी तिला सांधे सुजून ताप आला होता. त्यात हृदयातली एक झडप खराब झाली होती. नाताळाच्या सुमारास ती दम लागून जिन्यावर बसून राहिली, तेव्हा रेल्वेच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बोलावून घेतलं. "तुम्ही शास्त्र शिकवता ना? मग तुमच्या मैत्रिणीला तुम्हीच समजवा. मी सांगायला लागलो की ती माझीच नक्कल करते."

मी तिला पाटीवर चित्र काढून दाखवलं. रक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातं, मधलं दार आखडलंय, म्हणून रक्त मागे फुप्फुसात तुंबतं आणि दम लागतो. आता यावर इलाज निघाला होता. सर्जन छाती उघडून हृदयात बोट घालतो आणि दार मोकळं करतो.

"बोट घालतो? हृदयात?" एस्तर म्हणाली. "लग्नाआधी?"

मी हसले, आणि चित्र तसंच राहिलं.

दक्षिणेतल्या एका मिशन हॉस्पिटलात परदेशातला सर्जन येणार होता, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापुरता. डॉक्टरांनी तिच्यासाठी तिथे खाट मागून ठेवली होती. पुढची फेरी वर्षभराने. डॉक्टर म्हणाले होते, वर्षभराने ती टेबलावर घेण्याजोगी राहील असं मी लिहून देणार नाही. आणि त्याच आठवड्यातल्या शनिवारी मुंबईच्या एका तबकडी कंपनीने तिला आवाज ऐकवायला बोलावलं होतं. त्यांचा माणूस इन्स्टिट्यूटच्या नाचाला आला होता. त्याला तो तुटका श्वास फार आवडला.

कोणी विचारलं की एस्तर म्हणायची, "बघू."

रविवारच्या तालमीनंतर आम्ही दोघी क्वार्टर्सकडे निघालो. पुलाच्या पायऱ्यांशी ती थांबली आणि चपलेचा अंगठा बघू लागली. अंगठा चांगला शाबूत होता. पुलाच्या मध्यावर पुन्हा थांबली आणि खालच्या यार्डातलं इंजिन बघू लागली. मीही बघितलं. तिचा दम खाली बसेपर्यंत आम्हाला दोघींना इंजिनांची फार आवड असायची.

"डॉक्टर मंगळवारी त्या हॉस्पिटलाला तार करणार आहेत," मी म्हणाले. "संध्याकाळपर्यंत. नाहीतर खाट दुसऱ्याला जाईल."

"जाऊ दे की. त्या दुसऱ्यालाही हृदय असेल."

"एस्तर."

"हे बघ, तू मला दार दाखवलंस, खोल्या दाखवल्यास, सगळं दाखवलंस. मला कळलं नाही असं नाही."

"मग?"

"मग काही नाही. बघू." तिने कठड्यावर बोटांनी ठेका धरला. बोटं थांबतच नव्हती. त्या महिन्यात मी तिला एकदाही स्वस्थ बसलेली पाहिली नाही. बोलताना वेणी सोडायची, पुन्हा घालायची.

"छातीवर वण राहील म्हणून घाबरतेस?"

"वण? स्टेजवर मी पोलक्याची गुंडी गळ्यापर्यंत लावते. मला कोण बघतंय तिथे?"

घरी तिची आई मार्थाबाई भाकरी थापत होती. मूळची नगरकडची, रेल्वेच्या हॉस्पिटलात आया. मला बघून तिने पाट पुढे सरकवला. "बस गं कमल. रविवारचं कालवण आहे, चालत नसलं तर ठेचा घे."

"मला तिचं उत्तर हवंय, मार्थामावशी."

"उत्तर?" मार्थाबाईने भाकरी तव्यावर टाकली. "देवानं ह्या पोरीला तोंड दिलंय ते गायला आन् चेष्टा करायला. उत्तर द्यायला न्हाई दिलं."

"तू तरी सांग ना तिला."

 मार्थाबाईने भाकरी उलटली, मग फुलायच्या आधीच पुन्हा उलटली. तिच्या हातून अशी भाकरी बिघडलेली मी पहिल्यांदा पाहिली.

मंगळवारी सकाळची शाळा सुटली तशी मी फेलिक्स अंकलच्या क्वार्टरवर गेले. त्यांनी त्या दिवशी रजा टाकली होती आणि त्यांनीच निरोप पाठवला होता. ग्रामोफोन मध्येच घरघरत होता आणि सॅक्सोफोनवाल्याला शेवटचं कडवं अजून बसत नव्हतं. यंत्र त्यांचं स्वतःचं, ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एका गार्डकडून तीन वर्षांपूर्वी घेतलेलं. तेव्हापासून बँडमधलं प्रत्येक गाणं त्याच्यावरच ऐकून बसवलेलं.

"तू फिजिक्सवाली," ते म्हणाले. "बघ जरा आत काय दुखतंय त्याचं."

मी वरची फळी काढली. आत चावीची स्प्रिंग असते आणि वेग आवरणारं एक छोटं चाक असतं. त्या चाकावर चामड्याचा एक तुकडा घासत राहतो, म्हणून चावी कितीही भरली तरी तबकडी एकाच वेगाने फिरते. तो तुकडा झिजून कागदाएवढा उरला होता.

दुरुस्तीच्या आधी मोजायचं, ही कॉलेजातली सवय. तबकडीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि घड्याळ लावून मिनिटभरातले फेरे मोजले. अठ्ठ्याहत्तर यायला हवे होते. त्र्याण्णव आले. पुन्हा मोजले. पुन्हा त्र्याण्णव.

"काय झालं?" फेलिक्स अंकल म्हणाले.

"एखादी जुनी चप्पल आहे का?"

चपलेच्या पट्ट्यातून मी नवा तुकडा कापला, बसवला आणि वेग बरोबर अठ्ठ्याहत्तरवर आणला. मग त्या बाईची तबकडी लावली.

पहिल्याच सुराला अंकलनी चावीकडे हात नेला. "संपली वाटतं."

"भरलेली आहे."

"मग ही झोपेत का गातेय?"

ती झोपेत गात नव्हती. आम्ही तीन वर्षं ऐकली ती चिरकी, उतावळी पोर कुठेच नव्हती. एक भरल्या अंगाची, भरल्या वयाची बाई सावकाश गात होती. आवाज खाली, रुंद. ढोल घाईत नव्हता. मी अंकलना फेऱ्यांचा हिशेब सांगितला. वेग वाढला की सूरही चढतो, तबकडी तीन अर्धे सूर वर वाजत होती. म्हणजे पेटीवर आपण काळी तीन धरतो ते गाणं मुळात काळी दोनचं आहे.

त्यांनी ट्रम्पेट उचलला, तबकडीबरोबर चार सूर वाजवले आणि खाली ठेवला.

"आई शप्पथ," ते म्हणाले. "हे तर सगळं बोटांखाली येतंय. तीन वर्षं मी त्या अवघड पट्टीत ओठ फाडून घेतले! मला वाटायचं, ह्या अमेरिकनांना सरळ वाजवायला लाज वाटते!" आणि ते ठसका लागेपर्यंत हसले. मग एकदम हसायचे थांबले. "कमल, हे शनिवारनंतर सांगू तिला. मुंबई होऊन जाऊ दे."

त्यावर मी काही बोलायच्या आत दारात एस्तरचा आवाज आला.

तिच्यामागे मार्थाबाई होती, हॉस्पिटलच्या पांढऱ्या लुगड्यात. डॉक्टरांनी उत्तरासाठी बोलावलं होतं म्हणून ड्यूटी संपवून ती एस्तरला त्यांच्याकडे न्यायला आली होती, आणि एस्तर म्हणाली होती, आधी एकदा रेकॉर्ड ऐकते, मग चल. रोज एकदा ती रेकॉर्ड ऐकल्याशिवाय तिला करमायचं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. का, ते कोणालाच माहीत नव्हतं.

"लावा अंकल. पटकन. आई घाईत आहे."

अंकलनी माझ्याकडे बघितलं. मी सुई ठेवली.

एस्तर दाराच्या चौकटीला टेकून पावलाने ठेका धरायला गेली. तिचं पाऊल दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा तिने ते उचललंच नाही.

"काय केलंस गं तू?"

मी सांगितलं. चामडं, चाक, त्र्याण्णव, अठ्ठ्याहत्तर.

"होतं तसं कर."

"एस्तर, हेच खरं—"

"होतं तसं कर म्हणते ना!"

मी वेगाचा काटा सरकवला. उतावळी पोर परत आली, दोन ओळींच्या मध्ये तो तुटका, झटक्यात घेतलेला श्वास घेऊन. एस्तरने डोळे मिटले. मग म्हणाली, "आता तुझं लाव." मी पुन्हा अठ्ठ्याहत्तरवर आणलं. ती जमिनीवर बसली आणि भोंग्याजवळ कान नेला, विहिरीत वाकून बघावं तशी.

"श्वास कुठे गेला तिचा?"

"आहे. ऐक. ही ओळ संपली की."

तो आला. लांब, भरपूर, बिनघाईचा. कोठी भरावी तसा तिने श्वास भरून घेतला, आणि पुढची ओळ त्याच्यावर निवांत तरंगत गेली. एस्तर तशीच बसून राहिली. बाजू संपली, सुई खरखरत राहिली, ती मी उचलली.

"हिला काहीच झालेलं नाही," एस्तर म्हणाली.

"कोणाला?" अंकल म्हणाले.

"हिला. ह्या बाईला." तिने तबकडीवर बोट ठेवलं. "मला वाटायचं, हिलाही माझंच दुखणं आहे. अगदी माझ्यासारखा दम लागतो. मी रोज मोजायचे, कुठल्या ओळीला लागतो. दुखणं घेऊन ही गाते, तबकड्या काढते, समुद्रापार हिचा आवाज येतो. हिला कोणी कापलं नाही. मग मलाच कशाला?" ती माझ्याकडे वळली. "तुझ्या पाटीवरच्या चित्राला माझ्याकडे उत्तर होतं. ही होती ना."

बाहेर यार्डात डबे जोडल्याचा आवाज झाला. मग अंकल म्हणाले,

"तिचं तिच्यापाशी. मुंबईवाल्यांना तू आवडलीस, ती नाही. तो श्वास आता तुझा झाला. आणि ह्या कासवाच्या चालीवर नाचणार कोण गो?"

"तुम्ही हाईत की नाचायला," मार्थाबाई म्हणाली. "माझी पोर निजली तरी तुमचं नाचणं काय थांबायचं न्हाई."

अंकल खाली बघू लागले. ते वाईट नव्हते. एस्तरला खोकला आला की आपला वाजवायचा तुकडा लांबवून तिला वेळ देणारे तेच होते.

"थांब आई. अंकल, सावकाश असेल तर उलट बरंच की. सावकाश चालीत मला दमच लागणार नाही. शनिवारी मी हे असंच गाईन." ती उठली. वेणी सोडली, पुन्हा घालायला घेतली, अर्धीच टाकली. "दोन्ही होईल. द्या सूर."

मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. घाई कमी म्हणजे कष्ट कमी. अंकलनी सूर दिला. एस्तरने सुरुवात केली, खालच्या पट्टीत, आणि खोलीतली हवाच बदलली. तो आवाज तिचा होता. नक्कल नव्हती. चर्चमध्ये लहानपणी ती गायची तसा काहीतरी, पण मोठा झालेला. मार्थाबाईने पदर तोंडाशी नेला.

ओळीच्या पाऊण भागात आवाज थांबला.

एस्तरने पुन्हा श्वास घेतला, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच थांबला. सावकाश ओळ लांब असते. ती पुरी करायला श्वास जास्त लागतो. जलद गाण्यात तो तुकड्यातुकड्यांनी चोरता येतो, इथे चोरायला जागाच नव्हती. तिसऱ्या खेपेला ती त्याच्याही आधी अडली आणि टेबलाची कड धरून उभी राहिली. ओठ निळसर झाले होते. मी पुढे झाले तर तिने हाताने थांबवलं.

"बस कर, लेकी," मार्थाबाई म्हणाली. "नको गाऊ. आन् नको जाऊ तिकडंबी. मी सांगते. इतके दिस गप बसले त्याला कारण हाय. टेबलावर न्यायची गाडी मी ढकलते. किती ढकलल्या. परत आणताना काही गाड्या रिकाम्या असतात, हलक्या लागतात गं हाताला." तिने पदराने एस्तरच्या कपाळावरचा घाम पुसला. "मी तुला जा म्हणणार न्हाई. माझ्या तोंडून व्हायचं न्हाई ते."

"तुला म्हणायला लावत नाही, आई."

एस्तर टेबलापाशीच उभी होती. वेणीचे तीन पेड खांद्यावर मोकळे पडले होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिची बोटं हलत नव्हती. अंकल ट्रम्पेट मांडीवर घेऊन बसले होते. मुंबईचं विचारावं की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी त्यांनी विचारलंच.

"मग शनिवारी, बाय? त्यांना काय कळवू?"

एस्तरने दम पुरेल एवढं थांबून घेतलं. मग एकेक शब्द सुटा करत, आईकडे बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली,

"कळवा, एस्तर येत नाही. मला ती ओळ पुरी करायचीय. मी ऑपरेशन करून घेणार आहे."